पट्टेरी शिंगरू आणि पांढरे कोकरू

फेब्रुवारी १९९७ मध्ये डॉली नावाच्या मेंढीची बातमी जगभर पसरली. आपल्या सीमाभागात ती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वर्तमानपत्रांतून घरोघर वाचली गेली. मी त्या काळी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत होतो. पुढची कित्येक वर्षे वर्गात, लग्नाच्या पंगतीत आणि एस.टी.च्या थांब्यावर मला एकच प्रश्न विचारला गेला. ही असली मेंढी गाभण राहते का, की खेचरासारखी वांझच? मराठी मुले ‘खेचर’ म्हणत, कानडी मुले ‘हेसरगत्ते’ म्हणत. शंका मात्र दोघांची एकच होती. जे नेहमीच्या वाटेने जन्माला आले नाही त्याचा वंश पुढे चालायचा नाही, अशी ती शंका.

ही शंका फार जुनी आहे आणि तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्यातले दोन महत्त्वाचे प्रसंग एकाच मुलखात, स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या दक्षिणेस, एकमेकांपासून हाकेच्या नाही तरी तासाभराच्या पायवाटेच्या अंतरावर घडले. पेनिक्विक या गावी १८९६ साली एक पट्टेरी शिंगरू जन्मले. शेजारच्या रॉझलिनला १९९६ साली एक पांढरे कोकरू जन्मले. मधे बरोबर शंभर वर्षे गेली. त्या शंभर वर्षांत माणूस वंशाविषयी काय शिकला, ते या लेखात सांगायचे आहे.

खेचर का वीत नाही?

घोडी आणि गाढव यांच्या संकरातून खेचर होते, हे आपल्या पूर्वजांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. संस्कृतात त्याला ‘अश्वतर’ म्हणतात. छांदोग्य उपनिषदात जानश्रुती राजा रैक्वाला जे देऊ करतो त्यात खेचरी जुंपलेला रथ आहे. खेचरी वीत नाही हेही ठाऊक होते आणि त्याचे कारण शोधण्याचा प्रयत्नही झाला होता. ऐतरेय ब्राह्मणात देवांच्या शर्यतीची कथा आहे. तीत अग्नी खेचरींच्या रथातून धावला, हाकता हाकता त्याने त्यांची योनी जाळली, म्हणून त्या वीत नाहीत, असे कारण दिले आहे. पंचतंत्रात तर गाभण राहिलेली खेचरी ही मरण ओढवून घेणाऱ्याची उपमाच होऊन बसली.

तिकडे ग्रीकांचेही तेच. हेरोडोटसने बाबिलोनच्या वेढ्याची हकिकत दिली आहे. तटावरचे लोक दरायसच्या सैन्याला हिणवून म्हणाले, खेचरी वितील तेव्हा तुम्ही हे शहर घ्याल. विसाव्या महिन्यात झोपिरस नावाच्या सरदाराची खेचरी व्याली आणि पुढे शहर पडले, असे तो सांगतो. आपल्याकडे अग्नीचा कोप, तिकडे राज्य बुडण्याचा शकुन. दोन्हीकडे वांझपणाला शाप मानले आणि तो शाप मोडणे हे अरिष्ट. २००२ साली मोरोक्कोत एक खेचरी व्याली, तेव्हाही जगबुडी जवळ आल्याच्या भीतीने तिथले लोक हादरल्याच्या बातम्या आल्या होत्या. अडीच हजार वर्षांत भीती तेवढीच राहिली.

लॉर्ड मॉर्टनची घोडी

आता युरोपातल्या एका गैरसमजाकडे वळू. तो शास्त्रज्ञांच्याच घरात वाढला. लॉर्ड मॉर्टन नावाच्या एका स्कॉटिश सरदाराने आपली अरबी रक्ताची तांबूस घोडी क्वाग्गाकडून भरवली. क्वाग्गा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील झेब्र्याचा एक प्रकार. त्यातला शेवटचा १८८३ साली अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. घोडीला संकरित शिंगरू झाले. पुढे ती घोडी सर गोर औसली यांच्याकडे गेली. हे औसली पूर्वी लखनौला राहिलेले. त्यांनी तिला काळा अरबी घोडा दाखवला. जी शिंगरे झाली त्यांच्या पायांवर आणि मानेवर पट्टे दिसले. मॉर्टनसाहेबांनी ही हकिकत रॉयल सोसायटीला पत्राने कळवली आणि १८२१ साली ती छापून आली.

निष्कर्ष असा काढला गेला की मादीचा पहिला नर तिच्या गर्भाशयावर कायमचा ठसा ठेवून जातो आणि पुढच्या नरांपासून झालेल्या संततीतही तो उमटतो. या कल्पनेला पुढे ‘टेलिगनी’ असे नाव पडले. खुद्द डार्विनने मॉर्टनची हकिकत खरी धरली होती. घोडे आणि कुत्रे पाळणारे तर हा नियमच मानत. जातिवंत कुत्री एकदा गावठी कुत्र्याला लागली की ती कायमची बाटली, असे म्हणून तिला कळपातून काढून टाकीत.

वाचकांच्या लक्षात येईल की हा प्रश्न घोड्याकुत्र्यांपुरता राहणारा नव्हता. ‘क्षेत्र’ आणि ‘बीज’ हे शब्द आपण स्त्रीपुरुषांसाठी किती सहज वापरतो! विधवेचा पुनर्विवाह असो की परजातीतली सोयरीक, बाईचे शरीर एकदा ‘डागाळले’ की डाग राहतोच, ही समजूत आपल्याकडेही होती आणि तिने किती आयुष्ये नासवली ते आपल्या मागच्या दोन पिढ्यांना विचारावे. म्हणून मॉर्टनच्या घोडीची चौकशी होणे गरजेचे होते.

ती केली जेम्स कोसार यूअर्ट यांनी. ते एडिंबरो विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक होते. पेनिक्विकला त्यांनी झेब्रे, घोड्या आणि तट्टे पाळली. रम बेटावरच्या जातीची मुलाटो नावाची काळी घोडी त्यांनी माटोपो नावाच्या झेब्र्याकडून भरवली. १२ ऑगस्ट १८९६ रोजी तिला पट्टेरी शिंगरू झाले. त्याचे नाव रोम्युलस. नंतर याच घोडीला अरबी घोडा दाखवला. पुढच्या शिंगरांवर पुसट पट्टे कुठे कुठे दिसले खरे. पण ज्या घोड्यांनी झेब्रा जन्मात पाहिला नव्हता त्यांच्याही शिंगरांवर तसलेच पुसट पट्टे यूअर्टना आढळले. म्हणजे पट्टे झेब्र्याचे नव्हते, घोड्याच्याच जुन्या वंशातले होते. १८९९ साली त्यांनी हे प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. गर्भाशयावर कोणाचा ठसा राहतो, या समजुतीचा पाया तिथे ढासळला.

यूअर्टनी आणखी एक मोठे काम केले. एडिंबरो विद्यापीठात अनुवंशशास्त्र शिकवण्याची सोय १९११ साली झाली, तिच्यामागे त्यांचा हात होता. पशुपैदाशीच्या अभ्यासाची जी परंपरा त्या शहरात रुजली, तिच्याच पोटी पुढे रॉझलिनची संस्था उभी राहिली.

त्रेसष्टावे गुणसूत्र

विसाव्या शतकात पेशीतील गुणसूत्रे मोजता येऊ लागली आणि अग्नीवरचा आळ उतरला. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे, गाढवाच्या ६२. आईकडून ३२ आणि बापाकडून ३१ घेऊन खेचराला ६३ मिळतात. या ६३ वर खेचराचे अंग उत्तम चालते. ते आईबापांहून काटक निघते. अडचण येते ती स्त्रीबीज किंवा शुक्रबीज तयार होताना. त्या वेळी आईकडच्या प्रत्येक गुणसूत्राने बापाकडच्या आपल्या जोडीदाराशेजारी उभे राहायचे असते. लग्नात वधूवरांना पाटावर उभे करावे तसा हा प्रकार आहे. इथे जोडीदार ओळखू येत नाहीत, एकाला तर जोडीदारच नाही. मांडणी मोडते आणि बीज तयारच होत नाही.

मात्र नुसती संख्या मोजून निकाल देता येत नाही. मंगोलियाच्या रानघोड्यात ६६ गुणसूत्रे आहेत, पाळीव घोड्यात ६४. तरी त्यांची ६५ वाली संतती फलक्षम असते. उलट याक आणि गाय या दोघांतही ६० आहेत. पण लडाखात त्यांच्या संकरातून होणारा नर, ज्याला झो म्हणतात, तो वांझ असतो. त्याची बहीण झोमो मात्र विते आणि दूधही देते. गुणसूत्रांवरचा मजकूर एकमेकांशी किती जुळतो, यावर हे अवलंबून आहे.

भाऊ वांझ आणि बहीण फलक्षम, हा प्रकार योगायोगाचा नाही. जे.बी.एस. हाल्डेन यांनी १९२२ साली हा नियम मांडला. संकरात ज्या लिंगाची दोन लिंगगुणसूत्रे वेगवेगळी असतात तेच आधी वांझ निघते. सस्तन प्राण्यांत ते लिंग म्हणजे नर. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांच्या नियमाचा दाखला त्यांच्या पश्चात कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात मिळाला. वाघ बाप आणि सिंहीण आई यांची मुलगी रुद्राणी १९७१ साली तिथे जन्मली. सिंहापासून तिला पिल्ले झाली. त्यांतले क्युबानाकान हे १९७९ सालचे पिल्लू पुढे प्रचंड आकाराचे झाले.

खेचरीही क्वचित विते. १९८४ साली अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात क्राऊस नावाची खेचरी व्याली. आई खरोखरच खेचरी आहे हे गुणसूत्रे तपासून ठरवण्यात आले. झोपिरसच्या खेचरीची गोष्ट म्हणजे नुसती थाप, असे आता ठामपणे म्हणता येत नाही!

आपल्याकडचे धनगर मेंढरे आणि शेरडे एकाच कळपात राखतात. त्यामुळे बकरा आणि मेंढी यांचे जमते का, हा प्रश्न मला हटकून येई. मेंढीत ५४ गुणसूत्रे, शेळीत ६०. गर्भ बहुधा पोटातच मरतो. अगदी विरळा एखादे पिल्लू जगते. २००० साली बोट्स्वानातील अशा एका नराची नोंद प्रसिद्ध झाली. त्याला ५७ गुणसूत्रे होती आणि तो वांझ होता.

रॉझलिनचे कोकरू

आता डॉलीकडे येऊ. संकरात दोन भिन्न वंश एकत्र येतात. डॉलीच्या जन्मात वंश एकच होता, किंबहुना व्यक्तीही एकच. फिन-डॉर्सेट जातीच्या सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतील पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या; मूळ मेंढी तर तोवर मेलीही होती. काळ्या तोंडाच्या स्कॉटिश मेंढीचे बीजांड घेऊन त्यातले केंद्रक काढून टाकले आणि कासेची पेशी विजेच्या झटक्याने त्याला जोडली. असे २७७ प्रयत्न झाले. त्यांतून २९ गर्भ हाती लागले, ते १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि ५ जुलै १९९६ रोजी एकच कोकरू जन्मले. इयन विल्मट आणि कीथ कँबेल हे या कामातले प्रमुख.

पोटात वाढवणारी मेंढीही काळ्या तोंडाची होती आणि कोकरू झाले पांढऱ्या तोंडाचे. कोणाही धनगराने पाहताक्षणी सांगावे की हे हिचे नव्हे. पेनिक्विकच्या शिंगरांनी जे वर्षानुवर्षांच्या पैदाशीतून सिद्ध केले, तेच रॉझलिनच्या कोकराने नुसत्या तोंडाने सांगितले. ज्या पोटात वाढले त्याचा रंग कोकराला लागला नाही. बीजांडाच्या मालकिणीकडून काही थोडा वारसा आला, कारण पेशीतील ऊर्जाकेंद्रांना आपला वेगळा छोटा मजकूर असतो. पण तोंडाचा रंग त्या मजकुरात नसतो.

आणि तिला पोरे झाली का? झाली. डेव्हिड नावाच्या वेल्श मेंढ्यापासून एप्रिल १९९८ मध्ये तिला बॉनी नावाची मुलगी झाली, १९९९ मध्ये जुळी आणि २००० मध्ये तिळी. एकूण सहा. व्हायला अडचण काहीच नव्हती. तिची ५४ गुणसूत्रे एका पूर्ण मेंढीची, जोड्या जुळलेली. ती कशी जन्मली याची गुणसूत्रांना दखल नव्हती. फुफ्फुसाचा आजार झाल्याने १४ फेब्रुवारी २००३ रोजी तिला शांतपणे मारावे लागले. तो आजार मेंढ्यांत विषाणूमुळे होणारा आहे. त्याच पेशींपासून पुढे आणखी चार मेंढ्या झाल्या. त्या म्हातारपणापर्यंत धडधाकट असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या देशातही याचा प्रत्यय आला. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत गरिमा-२ ही म्हैस २०१० साली याच मार्गाने जन्मली आणि जानेवारी २०१३ मध्ये तिला महिमा ही रेडी झाली.

मग खेचराचेच असे केले तर? तेही झाले. ४ मे २००३ रोजी अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठात आयडाहो जेम नावाचे खेचर जन्मले. ताझ नावाच्या शर्यतीच्या खेचराच्या सख्ख्या भावंडाच्या गर्भपेशीपासून ते घडवले होते. २००६ साली ते शर्यतीत धावले. खेचर वांझ ते वांझच राहिले, पण त्याची प्रत निघाली. डॉली आणि हे खेचर एकाच पद्धतीने जन्मले. एक फळली, एक फळणार नाही. फरक पद्धतीत नाही, आत काय आहे त्यात आहे. सगळ्या शंकेचे उत्तर या दोन जनावरांत आहे.

हे नवल परसातलेच

आमच्या शेतकऱ्याला यात फारसे नवल वाटू नये. ‘क्लोन’ हा शब्द डहाळीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आला. आपल्याकडे त्याचे नाव कलम. देवगडचा असो की गोव्याचा, हापूसचे प्रत्येक कलम हे एकाच झाडाची प्रत; कोय लावली तर हापूस मिळेलच असे नाही. केळीची गोष्ट तर थेट आयडाहोच्या खेचराची आहे. आपण खातो त्या पुष्कळशा केळी दोन रानटी जातींच्या संकरातून झालेल्या, तीन संचांच्या गुणसूत्रांच्या आणि म्हणून बिनबियांच्या आहेत. त्या वांझ आहेत. पण माणूस हजारो वर्षे त्यांचे मुनवे लावीत आला, म्हणून त्यांचा वंश टिकला.

मात्र प्रतीला जी किंमत द्यावी लागते तीही केळीनेच दाखवली. विसाव्या शतकाच्या मध्याला जगाच्या बाजारातली ग्रो मिशेल ही जात पनामा रोगाने बसली. सगळी झाडे एकसारखी, म्हणून सगळी एकाच रोगाला बळी. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिशवर त्याच रोगाचा नवा प्रकार आता आला आहे.

दख्खनीचे काय?

ज्या संकराची आपण भीती धरतो तो वांझ संकर आपल्या कुरणात जवळजवळ नाहीच. दख्खनी मेंढी आणि माडग्याळ मेंढा, खिलार गाय आणि जर्सी वळू, ही सगळी एकाच जातीतली वाणे. त्यांचा संकर बिनदिक्कत वितो. संकरित गाय भाकड निघाली तर कारण खुराक, रोग किंवा माजाची वेळ यांत शोधावे. संकराला दोष देऊन गाय बाजारात न्यावी, हे शहाणपणाचे नाही.

खरा धोका उलट बाजूचा आहे. संकर फळतो म्हणूनच मूळ वाण हरवते. काळ्या लोकरीच्या दख्खनी मेंढीवर धनगरांची घोंगडी आणि कुरुबांची कंबळी चालत आली. लोकरीला भाव उरला नाही, मटणाला आला; मग मोठ्या अंगाचे, केसाळ मेंढे कळपात आले. दोनचार पिढ्यांत लोकर गेली. काटकपणाही जातो आहे, असे जुने मेंढपाळ सांगतात. कोणी कोणावर जुलूम केला नाही; प्रत्येकाने आपल्या घरापुरता हिशेब केला, आणि मूळ दख्खनी कळप शोधावा लागतो आहे.

संकर जाणूनबुजून, माप ठेवून केला तर काय साधते, तेही जवळच पाहायला मिळते. सुंदरबनातील गारोळ मेंढी आकाराने लहान, पण जुळी-तिळी देणारी. हा गुण एका जनुकाने येतो. १७९२-९३ मध्ये बंगालमधून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतून तो तिकडच्या बुरुला मेरिनोत पोहोचला, आणि ते जनुक २००१ साली ओळखले गेले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ आणि दख्खनीचा संकर केला, पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवत जुळ्यांचे जनुक तेवढे ठेवले आणि ‘नारी सुवर्णा’ हे वाण तयार केले. दख्खनी हरवू न देता तिला नवा गुण दिला.

तेव्हा ज्या प्रश्नाने सुरुवात केली त्याचे उत्तर असे. प्रतीने जन्मलेले जनावर फळते, मूळ जनावर फळत असेल तर. एका जातीतला संकर फळतो. दूरच्या जातींतला बहुधा फळत नाही आणि त्यात कोणाचा शाप किंवा पाप नसते. आईच्या पोटावर कोणाचा डाग पडत नाही. ‘संकर’ आणि ‘वांझ’ हे शब्द आपण माणसांवर फेकतो. आमच्या भागातल्या दोन भाषांच्या घरांतील पोरांनी पहिला पुष्कळ ऐकला आहे, आणि मूल नसलेल्या बायकांनी दुसरा त्याहून जास्त. माणसाची जात प्राणिशास्त्रात एकच आहे आणि ४६ गुणसूत्रांवर कोणाची मातृभाषा लिहिलेली नसते. जनावरांबाबत हे शब्द जपून वापरावेत. माणसांबाबत वापरूच नयेत. आणि ज्यांच्या दारात अजून काळ्या लोकरीची दख्खनी उभी आहे, त्यांनी तिचा एक मेंढा तरी शुद्ध राखावा. कारण ग्रो मिशेलसारखी, क्वाग्गासारखी एकदा गेलेली गोष्ट परत आणणे सोपे नाही. आणि रॉझलिनलाही गोठवून ठेवलेली पेशी आधी हातात असावी लागली होती.